अर्ध्या वारंवारतेवरचा सुळका: कालस्फटिक प्रकल्पाच्या नोंदी

६ मे, रत्नागिरी

उन्हाळी प्रकल्पाचे काम आज सुरू केले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला गेलेले दोन विद्यार्थी बरोबर आहेत, एक गुहागरची आणि एक राजापूरचा. हाताशी विभागातले दोन संगणक आहेत आणि त्यांतल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या संगणकाची मेमरी आठ जीबी आहे. ठराविक कालांतराने ठोके दिलेल्या क्वांटम स्पिनांच्या (स्पिन म्हणजे कणाच्या अंगचे चुंबकत्व, जणू एक अतिलहान लोहचुंबक) साखळीत कालस्फटिकाची अवस्था दिसते का, आणि दिसली तर ती खरी कशावरून म्हणायची, हा विषय आम्ही घेतला आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागणार, असे मुलांना आजच सांगून ठेवले.

सुरुवात मिठाच्या खड्यापासून केली. निसर्गाचे नियम अवकाशात सगळीकडे सारखे असतात, कुठलीही एक जागा त्यांना विशेष नसते. तरीही मिठाच्या खड्यातले अणू ठराविक अंतरावरच बसतात, म्हणजे नियमांत असलेली सममिती त्या अवस्थेत उरत नाही. यालाच सममितीभंग म्हणतात. २०१२ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक विल्चेक यांनी विचारले की अवकाशाच्या बाबतीत जे घडते ते काळाच्या बाबतीत का घडू नये. बाहेरून काहीही न ढकलता, स्वतःच्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत असताना एखादी वस्तू आपणहून ठराविक काळाने पुन्हापुन्हा तीच हालचाल करील का? अशा वस्तूला त्यांनी कालस्फटिक म्हटले. पुढच्याच वर्षी पात्रिक ब्रुनो यांनी या कल्पनेवर नेमके आक्षेप घेतले, आणि २०१५ मध्ये हारुकी वातानाबे व मासाकी ओशिकावा यांनी सिद्ध केले की आंतरक्रिया लघुपल्ल्याच्या असतील तर न्यूनतम अवस्थेत किंवा औष्णिक समतोलात असला कालक्रम, म्हणजे काळात आपोआप उमटणारी आवर्ती घडण, संभवतच नाही.

"मग सर, विषय तिथेच संपला ना?" असे राजापूरच्या मुलाने विचारले. संपला नाही, कारण ती सिद्धता समतोलापुरती आहे आणि समतोलाबाहेरची वाट तिने बंद केलेली नाही.

९ मे

ती वाट आज फळ्यावर मांडली. प्रणालीला बाहेरून दर टी इतक्या काळाने एकसारखा ठोका द्यायचा. आता नियम प्रत्येक क्षणी सारखे राहत नाहीत, पण एका टी नंतर पुन्हा तेच होतात, म्हणजे काळाची अखंड सममिती जाऊन पायरीपायरीची सममिती उरते. असल्या आवर्ती समीकरणांचे गणित गास्ताँ फ्लोके यांनी १८८३ मध्येच करून ठेवले आहे. ठोका दर टी ला पडत असताना प्रणालीने मात्र दर दोन टी ला मूळ स्थितीत यायचे ठरवले, तर ती उरलेली सममितीही मोडली असे म्हणता येते. २०१६ मध्ये खेमानी, लाझारिडिस, मोसनर व सोंधी यांनी आणि त्यांच्यापाठोपाठ एल्स, बावर व नायक यांनी ही अवस्था सिद्धान्तात दाखवली. क्षिस्टोफ साखा यांनी हलत्या आरशावर उसळणाऱ्या अणूंच्या संदर्भात असाच विचार २०१५ मध्ये मांडला होता.

अडचण अशी की ठोके बसत गेले की ऊर्जा आत साचते. परस्परांशी बोलणारे पुष्कळ कण एकत्र असले की ती ऊर्जा सगळ्यांत वाटली जाते, आणि शेवटी प्रणाली इतकी तापते की तिच्यात कसलीच खूण उरत नाही. हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे साखळीतल्या जोडण्या आणि क्षेत्रे जागोजागी वेगवेगळी, अव्यवस्थित ठेवणे. अव्यवस्थेमुळे एकटे कण जागच्या जागी अडकून पडतात हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. कण परस्परांशी आंतरक्रिया करीत असतानाही तसे अडकणे शक्य आहे, हे नंतर पुढे आले. आम्ही त्याला बहुकण निबद्धता म्हणणार आहोत.

१३ मे

गुहागरच्या विद्यार्थिनीने आज विचारलेला प्रश्न चांगला होता आणि त्यावर पूर्ण सकाळ गेली. तिच्या आजोळच्या पडवीत झोपाळा आहे. फळीवर उभे राहून झोका चढवताना आपण टोकाला गुडघे वाकवतो आणि झोका मधून जाताना उठतो, म्हणजे एका पूर्ण झोक्यात दोनदा उठबस होते. आपल्या उठण्याचा काळ टी धरला तर झोपाळ्याचा काळ दोन टी झाला, मग झोपाळा हा कालस्फटिक का नाही?

नुसत्या तोंडी उत्तरावर न थांबता आम्ही मोजून पाहिले. माझ्या घरच्या झोपाळ्याच्या कड्या तुळईला अडकवल्या आहेत तिथपासून उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्यापर्यंत सुमारे दोन मीटर भरतात, म्हणून एका झोक्याला २.८ सेकंद आणि उठण्याला दर १.४ सेकंद असा हिशेब येतो. घड्याळ लावून घेतलेली मोजणी याच्याशी जुळली. उठण्याचा ताल जरासा चुकवला तरी झोपाळा तो सांभाळून घेतो, हेही मुलांनी करून पाहिले. तेव्हा काळ दुप्पट होणे किंवा थोडी चूक पचवणे यांपैकी काहीही झोपाळ्याला कालस्फटिकापासून वेगळे काढत नाही. फरक दोन ठिकाणी आहे. झोपाळ्यात हलणारी गोष्ट एकच आहे, आणि कड्यांतले घर्षण व हवेचा रोध जादा ऊर्जा सतत बाहेर नेत असल्यामुळे त्याची लय टिकते. आमच्या साखळीत घर्षण नाही, ऊर्जा बाहेर जायला वाटच नाही, आणि लय टिकायची तर ती असंख्य स्पिनांनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळेच टिकायला हवी.

दुपारी जुन्या स्पीकरवर स्टीलची थाळी चिकटवून तीत बोटाच्या पेरभर पाणी घेतले आणि सेकंदाला ६० कंपने दिली. आवाज एका मर्यादेपलीकडे वाढवताच पाण्यावर चौकटीचौकटींची नक्षी उभी राहिली. मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण करून एकेक चित्र पुढे सरकवले. थाळी दर चार चित्रांनी मूळ जागी येत होती, पण पाण्याचा एखादा उंचवटा पुन्हा उंचवटा व्हायला आठ चित्रे लागत होती आणि चौथ्या चित्रात त्याच जागी खळगा दिसत होता. मायकेल फॅरेडे यांनी हे १८३१ मध्ये नोंदवले आहे. इथे लाटा पुष्कळ असल्या तरी पाण्याची स्निग्धता ऊर्जा खातेच, त्यामुळे हेही आमचे उदाहरण नव्हे. तरीही चित्रे मोजताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यासाठी दुपार खर्च झाली याचे समाधान आहे.

२१ मे

प्रतिरूप ठरले. स्पिनांची एक सरळ साखळी घेतली आहे. प्रत्येक आवर्तनात आधी सगळ्या स्पिनांना एक ठोका बसतो आणि तो त्यांना जवळजवळ १८० अंशांत उलटवतो. त्यानंतर शेजारी शेजाऱ्यांतली आयझिंग आंतरक्रिया (दोन शेजारी स्पिन एकाच दिशेला आहेत की उलट, यावर ठरणारी) आणि प्रत्येक जागेवरचे स्वतंत्र चुंबकीय क्षेत्र यांना काम करू दिले जाते. ठोक्यातली चूक आम्ही ५ टक्के धरली आहे, म्हणजे प्रत्येक ठोका १८० ऐवजी १७१ अंश फिरवतो. ही घडण आम्ही शोधून काढलेली नाही, २०२१ साली गूगलच्या २० क्यूबिटांच्या (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकांच्या) प्रयोगातही ती वापरली गेली होती.

आज फक्त ठोके दिले, आंतरक्रिया आणि क्षेत्रे शून्य ठेवली. उत्तर कागदावरच काढता येते. दर ठोक्याला चुंबकनाचे, म्हणजे स्पिन सरासरीने किती वर किंवा खाली आहेत त्या आकड्याचे, चिन्ह बदलते आणि त्यावर एक संथ कोसाइन चढतो. दहाव्या आवर्तनाला चुंबकन शून्य होते, विसाव्याला पुन्हा पूर्ण उंची गाठते पण ठरलेल्या चिन्हाच्या उलट, आणि चाळिसाव्याला जागेवर येते. चारशे आवर्तनांचे फूरिये विश्लेषण केल्यावर, म्हणजे त्यांत कोणती वारंवारता किती आहे ते वेगळे काढल्यावर, ठोक्यांच्या अर्ध्या वारंवारतेवर (०.५ वर) काहीच नव्हते, तिच्या दोन्ही बाजूंना ०.४७५ आणि ०.५२५ येथे दोन सुळके उभे होते. संगणकानेही नेमके हेच दिले. स्पिन सुटे असतील तर ठोक्यातली चूक साचत जाते आणि लय फुटते, हे मुलांना त्या दोन सुळक्यांकडे बोट दाखवून सांगता आले.

२८ मे

संगणकाच्या मेमरीचा हिशेब केला. बारा स्पिनांच्या अवस्थेला ४०९६ सदिश घटक लागतात, चौदांच्या अवस्थेला १६३८४. पूर्ण मॅट्रिक्स साठवायची म्हटली तर चौदा स्पिनांनाच ४.३ जीबी जातात आणि आमचा संगणक तिथेच गुदमरतो. सुदैवाने मॅट्रिक्स साठवायची गरजच नाही. आंतरक्रियेचा भाग प्रत्येक घटकाला फक्त एक कला (फेज) देतो आणि ठोका प्रत्येक स्पिनावर वेगवेगळा लावता येतो, म्हणून केवळ अवस्था साठवून पुढे जाता येते. राजापूरच्या विद्यार्थ्याने पायथनमध्ये हे फार नेटके लिहिले आहे.

४ जून

पहाटे पाऊस आला. पागोळ्यांखाली बादल्या लावून महाविद्यालयात पोहोचलो तेव्हा दोघेही आधीच येऊन बसले होते.

आज आंतरक्रिया आणि यादृच्छिक क्षेत्रे चालू केली, आठ स्पिनांसाठी दोनशे वेगवेगळ्या मांडण्यांची सरासरी घेतली. दोन सुळके नाहीसे झाले आणि बरोबर ०.५ वर एकच सुळका उभा राहिला. ठोक्यातली चूक तीच, पण लय मात्र फुटली नाही. विद्यार्थिनी काही न बोलता बराच वेळ पडद्याकडे पाहत होती, मग म्हणाली, "सर, हे एकमेकांना धरून आहेत." हे वाक्य मी इथे लिहून ठेवतो, कारण कालस्फटिकाच्या कणखरपणाचे याहून थोडक्यात वर्णन मला करता आले नसते. संध्याकाळी वीज गेली आणि काम थांबले.

१० जून

आलेखांत एक गोष्ट सलते आहे. सुळका ०.५ वर आहे हे खरे, पण चुंबकनाची उंची हळूहळू उतरते आणि ऐंशीच्या आसपासच्या आवर्तनाला ती सुरुवातीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते. साखळी लहान असल्यामुळे असे होत असेल, असे समजून दहा आणि बारा स्पिनांची गणिते लावली. कालस्फटिक असेल तर साखळी लांबेल तसे आयुष्य झपाट्याने वाढले पाहिजे.

राजापूरच्या विद्यार्थ्याने तिन्ही वक्र एकाच कागदावर काढून आणले आणि थोड्या काळजीने म्हणाला, "सर, आठ, दहा, बारा, तिन्ही रेषा एकमेकींवरच बसल्यात." त्या अगदी तंतोतंत एकमेकींवर होत्या. पुष्कळ कणांच्या सहकार्यातून येणारी गोष्ट कणांच्या संख्येकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर ते सहकार्य नव्हे.

११ जून

आज उलटी चाचणी केली. क्वांटम उत्क्रांती उलटवता येते, म्हणून पन्नास आवर्तने पुढे जाऊन तीच पन्नास उलट्या क्रमाने मागे आणली तर चुंबकन पुन्हा नेमके एक झाले पाहिजे. गूगलच्या प्रयोगात हीच युक्ती यंत्रातल्या गोंगाटाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी वापरली होती, आम्ही ती प्रोग्रॅममधली खोट शोधण्यासाठी वापरली. आमचे चुंबकन परतले ते ०.२९ च्या आसपास.

पुढच्या अर्ध्या तासात दोष सापडला. क्षेत्रे आणि जोडण्या निवडणारी ओळ आवर्तनाच्या फलनाच्या (प्रोग्रॅममधल्या फंक्शनच्या) आत राहून गेली होती. त्यामुळे साखळीतली अव्यवस्था एकदा ठरून कायम राहण्याऐवजी प्रत्येक ठोक्याला नव्याने निवडली जात होती. ती ओळ मी तपासली होती आणि माझ्या नजरेतून सुटली, याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर नाही. जागोजागी गोठलेली अव्यवस्था स्पिनांना निबद्ध करते, पण दर क्षणी बदलणारी अव्यवस्था हा निव्वळ गोंगाट असतो आणि तो स्मृती पुसत जातो.

१२ जून

चुकीच्या प्रोग्रॅमने बरोबर सुळका का दिला, हे समजल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले, आणि आजचा दिवस या पूर्ण प्रकल्पातला सर्वांत चांगला दिवस ठरला.

आम्ही प्रत्येक जागेवरचे क्षेत्र उणे पायपासून (−π) अधिक पायपर्यंत (+π) सारख्याच संभाव्यतेने निवडतो. ते दर आवर्तनाला नव्याने निवडले गेले की स्पिनाचा आडवा घटक सरासरीत पूर्ण नाहीसा होतो आणि फक्त उभा घटक उरतो. ठोका त्या उभ्या घटकाला १७१ अंश फिरवतो, म्हणजे त्याला उणे ०.९८७७ ने गुणतो, आणि उरलेला आडवा घटक पुन्हा गोंगाटात जातो. चुकीमुळे जमा झालेला आडवा घटक दर वेळी फेकून दिला जात असल्यामुळे चूक साचतच नाही, सुळका फुटत नाही आणि चिन्ह दर ठोक्याला इमानाने पालटते. मात्र प्रत्येक आवर्तनाला सव्वा टक्का उंची गळते. ०.९८७७ चा ऐंशीवा घात सुमारे ०.३७ येतो आणि शंभरावा सुमारे ०.२९ येतो, म्हणजे दहा तारखेचा आकडा आणि काल पन्नास पुढे व पन्नास मागे जाऊन मिळालेला आकडा, दोन्ही याच एका गुणाकाराचे आहेत. या हिशेबात शेजारी कुठेही येत नाही, म्हणून साखळी लांबवून काहीच फरक पडत नव्हता.

म्हणजे अर्ध्या वारंवारतेवर एकच निमुळता सुळका, चुकीला न जुमानणारी लय, कुठूनही सुरुवात केली तरी तेच वर्तन, हे सारे असूनही आमच्यापुढे कालस्फटिक नव्हता. हे सगळे एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या, गोंगाटात सापडलेल्या सुट्या स्पिनांनी केले होते.

२१ जून

पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले काम दोघांना वाचायला दिले. सोहम पाल, नवीन निशाद, टी. एस. महेश आणि जी. जे. श्रीजित यांनी न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्सच्या (अणुकेंद्रकांचे स्पिन चुंबकीय क्षेत्रात तपासणाऱ्या) यंत्रात ताऱ्याच्या आकाराचे रेणू घेतले होते, म्हणजे मध्ये एक केंद्रक आणि भोवती हायड्रोजनची केंद्रके. ॲसिटोनायट्राइलमध्ये एकूण ४ स्पिन, ट्रायमिथाइल फॉस्फाइटमध्ये १०, आणि मध्ये सिलिकॉन असलेल्या एका मोठ्या रेणूत ३७. त्यांना मुद्दाम सदोष ठोके दिले तेव्हा चुंबकन दर दोन ठोक्यांनी परत येत राहिले. आवर्तकाल स्थिर होता, पण उंची घटत होती आणि ती घटण्याचा वेग ठोका किती सदोष आहे यावर ठरत होता.

हे वाचताना आम्हाला आमचा चुकीचा आलेख आठवला आणि तो आठवणे योग्यच होते. भोवतालच्या स्पिनांच्या चुंबकनामुळे होणारे परिवलन आडव्या घटकाला विस्कटून टाकते आणि त्यामुळे आवर्तकाल ताठ राहतो, असेच त्या लेखकांनी ताठरपणाचे अर्धअभिजात (अर्धे क्वांटम, अर्धे जुन्या यांत्रिकीतले) स्पष्टीकरण दिले आहे. फरक असा की आमच्या प्रोग्रॅममधले विस्कटणे बाहेरून ओतलेले होते आणि त्यांच्या रेणूत ते शेजाऱ्यांकडूनच आले. सुरुवातीचे एकूण चुंबकन जितके जास्त तितका लय टिकण्याचा काळ लांबला, हे त्यांना दिसले. म्हणजे कणांची संख्या आणि त्यांची एकजूट यांचा त्या लयीशी प्रत्यक्ष संबंध होता आणि आमच्या बिघडलेल्या साखळीत नेमका तोच नव्हता. त्यांनी शीर्षकात कालक्रम असा शब्द योजला आहे, कालस्फटिक असा नाही, आणि मला ही शब्दांची काटकसर फार मोलाची वाटते. आपल्यापासून घाट चढून काही तासांवर हे काम झाले, ही गोष्ट दोघांनाही नवी होती.

२ जुलै

ती ओळ फलनाबाहेर काढून सगळी गणिते नव्याने केली. उलटी चाचणी आता दशांश चिन्हानंतर बाराव्या स्थानापर्यंत एक देते. चुंबकन पहिल्या काही आवर्तनांत थोडे उतरते आणि मग तिथेच थांबते, चारशे आवर्तनांपर्यंत घसरत नाही. ठोक्यातली चूक ४० टक्क्यांवर नेली की मात्र सारे काही दहावीस आवर्तनांत विरून जाते. गूगलच्या गटानेही ३ टक्के आणि ४० टक्के चुकीची अशीच तुलना दिली होती. दोन्ही सुळके ०.५ वर आहेत, जुना आणि नवा, पण जुन्याचा पाया किंचित पसरट आहे आणि नवा पायापर्यंत एका रेषेसारखा आहे. चारशे आवर्तनांच्या विश्लेषणात हा फरक जेमतेम एका घराचा दिसतो. चार जूनला आम्ही तो पाहूनही पाहिला नव्हता.

१५ जुलै

सुरुवातीच्या अवस्थेची चाचणी केली. सगळे स्पिन वर, एकाआड एक वर-खाली, आणि पूर्ण यादृच्छिक अशा तीन अवस्थांपासून सुरुवात केली. जोडण्या अव्यवस्थित असताना तिन्ही अवस्था सारख्याच टिकतात. मग जोडण्यांची बळे सगळीकडे एकसारखी आणि कमी ठेवली, फक्त क्षेत्रे यादृच्छिक राहू दिली. आता सगळे वर असलेली अवस्था पुष्कळ टिकली आणि यादृच्छिक अवस्था लवकर विरल्या.

कारण समजून घेण्यासारखे आहे. ठोका स्पिनाला उलटवतो तेव्हा क्षेत्राचा त्याच्यावरचा परिणामही उलटतो, म्हणून दोन आवर्तनांत क्षेत्र स्वतःचाच परिणाम बहुतांशी खोडून टाकते. जोडणीत दोन स्पिन एकदम उलटतात, त्यामुळे तिचा परिणाम खोडला जात नाही. म्हणजे निबद्धता हवी असेल तर अव्यवस्था जोडण्यांत असली पाहिजे, क्षेत्रांतली अव्यवस्था पुरत नाही.

या मुद्द्यावरून मागच्या प्रयोगांकडे पाहिले की इतिहास स्पष्ट दिसतो. मार्च २०१७ मध्ये नेचर नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन प्रयोग आले. मेरीलँडमध्ये क्रिस्तोफर मन्रो यांच्या गटाने १० यटर्बियम आयन एका ओळीत धरून ठेवले होते, आणि हार्वर्डमध्ये मिखाईल लुकिन यांच्या गटाने काळ्या हिऱ्यातले नायट्रोजनजवळचे सुमारे दहा लाख दोष सामान्य तापमानाला वापरले होते. दोन्हींत अर्धी वारंवारता घट्ट राहिली. पण मेरीलँडच्या प्रयोगात अव्यवस्था क्षेत्रांत होती, हार्वर्डच्या प्रयोगात आंतरक्रिया लांब पल्ल्याच्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी निबद्धता खरोखर होती का यावर पुढे गंभीर चर्चा झाली. लय टिकली हे निर्विवाद, ती कशामुळे टिकली हा वाद होता. २०२१ मध्ये गूगलच्या चिपवर २० क्यूबिटांसह आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये हिऱ्यातल्या ९ कार्बन-१३ केंद्रकांवर ८०० आवर्तनांपर्यंत जे प्रयोग झाले, त्यांत जोडण्यांची अव्यवस्था आणि सुरुवातीच्या वेगवेगळ्या अवस्थांची पडताळणी या दोन्ही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. अनंत लांबीच्या साखळीत निबद्धता कायम टिकते का, यावर अलीकडे शंका घेतल्या गेल्या आहेत. बारा-चौदा स्पिनांच्या जोरावर त्यात आम्ही काही बोलणे योग्य होणार नाही, म्हणून अहवालात तसे स्पष्ट लिहायचे ठरले.

२६ जुलै

पाऊस धरून आहे. विद्यार्थिनी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, यातही अर्धी वारंवारता आहे." भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, पण आपल्या किनाऱ्यावर लागोपाठच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, एक मोठी आणि पुढची लहान असा क्रम बरेच दिवस चालतो. उधाण आणि भांग यांच्यामुळे होणारी चढउतार वेगळी आणि ही वेगळी, हे कोळीवाड्यातल्या माणसांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. आवर्तन दुप्पट झालेले दिसते, आणि पाण्याचे कण तर अगणित आहेत.

उत्तर तिनेच शोधून काढले. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो तेव्हा त्याच्या ओढीत एक दिवसभराचा घटक स्वतःच असतो, म्हणजे दुप्पट काळ समुद्राने निर्माण केलेला नसून ढकलणाऱ्यातच आहे. चंद्र विषुववृत्तावर येतो त्या सुमारास दोन भरत्यांतला फरक पुष्कळ कमी होतो, आणि वेळापत्रकातल्या आकड्यांत तिने ते दिवस पेन्सिलीने खूण करून दाखवले. यावरून आमच्या प्रोग्रॅममध्ये एक तपासणी वाढवली. दिलेल्या ठोक्यांच्या मालिकेचेच फूरिये विश्लेषण करून तीत अर्ध्या वारंवारतेचा अंशही नाही, याची खात्री आता प्रत्येक गणिताआधी केली जाते.

१ ऑगस्ट

मासेमारीची बंदी काल संपली, मिरकरवाड्यातून नौका बाहेर पडायची तयारी सुरू आहे, आणि राजापूरच्या विद्यार्थ्याच्या गावीही घाई असल्यामुळे तो दोन दिवस येणार नाही. अहवालाचा आराखडा आज पूर्ण केला.

पहिल्या आकृतीबद्दल तिघांत बराच वेळ बोलणे झाले. चुकीच्या प्रोग्रॅमचा आलेख वगळावा, असे विद्यार्थ्याचे मत होते, कारण परीक्षक तो पाहून काय म्हणतील याची त्याला धास्ती आहे. तो ठेवावाच असा माझा आग्रह आहे. शेवटी असे ठरले की आकृतीत दोन चौकटी असाव्यात. डावीकडे दर ठोक्याला बदलणारी अव्यवस्था, उजवीकडे गोठलेली. दोन्हींत ०.५ वर सुळका आणि त्याखाली आठ, दहा व बारा स्पिनांचे चुंबकनाचे वक्र. डावीकडचे तिन्ही वक्र एकमेकांवर बसून खाली येतात आणि त्यांच्यावरून उणे ०.९८७७ च्या घातांची तुटक रेषा जाते. ती रेषा विद्यार्थिनीने हाताने हिशेब करून काढली आहे आणि तिचे बिंदू संगणकाच्या बिंदूंतून वेगळे ओळखता येत नाहीत.

चौदा स्पिनांचे गणित आज रात्री लावून जात आहे. इन्व्हर्टरची बॅटरी भरली आहे आणि दर पन्नास आवर्तनांनी अवस्था डिस्कवर साठवली जाईल, अशी सोय केली आहे, म्हणजे वीज गेलीच तर उद्या तिथून पुढे सुरू करता येईल. यादृच्छिक आकडे निवडणारी ओळ फलनाबाहेर आहे, हे दोघांनी वेगवेगळे तपासून वहीत सही केली.